डेबियनचं ॲप्ट: अकरा मशिन, सहा वर्षं आणि मध्येच गेलेली लाइट

मोबाइल, मिक्सर, बाइक यांचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, पण ज्याच्यावर माझा क्लास रोज चालतो त्या गोष्टीचा मराठीत धड रिव्ह्यू मला कुठे सापडला नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहू. गोष्ट म्हणजे ॲप्ट. डेबियन लिनक्सवर (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टीम) सॉफ्टवेअर टाकायचं, काढायचं आणि मुख्य म्हणजे ताजं ठेवायचं काम करणारा प्रोग्राम. फुकट आहे त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्नच नाही, पण वेळ वसूल झाला का हा आहे, आणि माझा वेळ त्यात भरपूर गेलाय.

आधीच सांगतो, मी इंजिनियर वगैरे नाही. तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर क्लास आहे, टायपिंग, बेसिक कोर्स, उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या पोरांची बॅच. ११ मशिन आहेत, त्यातली निम्मी सेकंडहँड. २०१९ च्या दिवाळीआधी पोरांच्या पेन ड्राइव्हमधून एका आठवड्यात तीन मशिनना व्हायरस लागला, तेव्हा वैतागून पुण्याच्या भाच्याला बोलावलं आणि त्याने दोन दिवस बसून सगळीकडे डेबियन १० टाकून दिलं. जाताना एका कागदावर दोन कमांड लिहून दिल्या, सुडो ॲप्ट अपडेट आणि सुडो ॲप्ट अपग्रेड, आणि म्हणाला मामा हे आठवड्यातून एकदा करत जा, बाकी काही करू नका.

मी त्यातली पहिलीच करत होतो. खोटं नाही सांगत, तीन महिने. रोज सकाळी पहिली कमांड मारायची, भराभर ओळी पळायच्या, शेवटी काहीतरी इंग्रजीत यायचं, मला वाटायचं झालं अपडेट. संक्रांतीला भाचा आला, बघतो तर ४१२ पॅकेज (म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे) अपग्रेड व्हायची राहिलेली, आणि तो आकडा रोज शेवटच्या ओळीत लिहून येत होता, मी वाचत नव्हतो. तो हसून म्हणाला, ‘मामा, तुम्ही रोज किराणा दुकानात जाऊन भाव विचारून रिकाम्या पिशवीने परत येताय.’ तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अपडेट म्हणजे फक्त यादी ताजी करणं, अपग्रेड म्हणजे खरा माल आणणं. नावं अशी उलटसुलट वाटणारी का ठेवली देव जाणे. आणि हो, जुन्या लेखांमध्ये सगळीकडे ॲप्ट-गेट दिसेल, तेही चालतं. ॲप्ट तसं म्हातारं आहे, १९९९ च्या मार्चमध्ये डेबियन २.१ बरोबर आलं, ही छोटी ‘ॲप्ट’ कमांड मात्र २०१४ मधली.

आता चांगलं काय ते आधी. सगळ्यात मोठी सोय म्हणजे सगळं एका जागेवरून येतं. ऑफिस, ब्राउझर, फोटोवालं सॉफ्टवेअर, प्रिंटरची यंत्रणा, फॉन्ट, खुद्द कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, सगळं एकाच यादीत आणि एकाच कमांडमध्ये. पूर्वी आमच्याकडे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापली खिडकी उघडून ‘नवीन व्हर्जन आलंय’ म्हणून मध्येच नाचायचं आणि टायपिंगची स्पीड टेस्ट चालू असताना पोरगं ओरडायचं, सर हे काय आलं बघा. ते बंद झालं. डेबियन १३ मध्ये ६९,८३० पॅकेज आहेत म्हणतात, मला त्यातली शंभरेक सुद्धा नावानिशी माहीत नाहीत, पण जे लागलं ते आजवर बहुतेक तिथेच मिळालं.

दुसरं म्हणजे इंटरनेट. आमच्याकडे तेव्हाचं ब्रॉडबँड म्हणजे नशिबाचा खेळ होता, त्यात लिब्रेऑफिसचं अपडेट आलं की प्रत्येक मशिन तेच तेच शेकडो एमबी परत खेचणार, गुणिले अकरा. त्यावर ॲप्ट-कॅशर-एनजी नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे, तो मी कोपऱ्यातल्या एका जुन्या डब्यावर टाकला. पहिलं मशिन इंटरनेटवरून फाइल आणतं, ती डब्यात राहते, बाकीची दहा मशिन क्लासच्या वायरवरूनच ती घेतात. प्रत्येक मशिनवर एका फाइलमध्ये एक ओळ टाकायची, डब्याचा पत्ता आणि पोर्ट ३१४२. एवढंच. ज्या दिवशी हे पहिल्यांदा चाललं आणि दुसऱ्या मशिनवर तीनशे एमबी डोळ्यासमोर काही सेकंदात उतरलं त्या दिवशी मी बायकोला वरून खाली बोलावून दाखवलं. ती म्हणाली बरं, आणि गेली. लॅब, शाळा, क्लास, अभ्यासिका असलं काही चालवत असाल तर बाकी रिव्ह्यू वाचू नका, हे आधी करा.

तिसरं, आणि याच्यावर लोकांचं सगळ्यात जास्त भांडण होतं, ते म्हणजे डेबियनचं जुनं व्हर्जन. डेबियन स्टेबल एकदा बाहेर पडलं की त्यातल्या सॉफ्टवेअरची व्हर्जन गोठतात. नंतर दोन वर्षं जे अपडेट येतात ते मुख्यतः सिक्युरिटीचे आणि मोठ्या चुकांचे, नवीन बटणं-बिटणं नाहीत. भाचा आर्च नावाचं दुसरं लिनक्स वापरतो, त्याला रोज नवीन काहीतरी येतं, तो मला चिडवतो की तुमचं म्युझियम आहे. असू दे. क्लासमध्ये सोमवारी शिकवलेलं बटण शुक्रवारी त्याच जागेवर दिसलं पाहिजे, मला एवढंच हवंय.

आणि म्युझियमचा फायदा कधी कळला सांगतो. २०२४ च्या मार्चअखेरीस ते एक्सझेड प्रकरण झालं. एक्सझेड ही फाइल दाबून लहान करायची एक साधी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते, तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवला होता. आणि तो सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डेव्हलपरला डेबियनच्या अनस्टेबलवर (नवीन माल आधी येतो ती कच्ची आवृत्ती) एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुरून मशिनमध्ये शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं म्हणून तो खणत गेला. अर्धा सेकंद! आमच्याकडे मशिन दहा मिनिटं हँग असलं तरी पोरं सांगत नाहीत. तर ती खराब व्हर्जन डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये पोचली होती, स्टेबलमध्ये नाही, तिथे ५.४.१ होती. त्या दिवशी मी फोन करून भाच्याला विचारलं, काय रे, म्युझियमचं तिकीट काढायचं का.

पण या जुन्या नंबराचा त्रास पण आहे. गावातल्या एका पतसंस्थेचा छोटा सर्व्हर मी बघतो, फाइल ठेवायला आणि बॅकअपला. २०२४ च्या पावसाळ्यात त्यांच्याकडे कुणीतरी तपासणीला आलं, स्कॅनर चालवला आणि लाल अक्षरात रिपोर्ट दिला की तुमचं ओपनएसएसएच (ते एसएसएच लॉगिन देणारं सॉफ्टवेअर) ९.२ आहे, त्यात गंभीर भोक आहे, ताबडतोब ९.८ करा. सेक्रेटरींचा फोन, ‘सर, आपलं सगळं जुनं आहे म्हणतात.’ भोक खरंच होतं, जुलै २०२४ चं, पण डेबियनवाले व्हर्जन वाढवत नाहीत, फक्त तेवढा दुरुस्तीचा तुकडा जुन्याच व्हर्जनला शिवतात. नंबर समोरून ९.२ च दिसतो, शेपटीला मात्र ‘डेब१२यू३’ लागतं, आणि ती शेपटी हीच दुरुस्ती. स्कॅनरला शेपटी वाचता येत नव्हती. शेवटी मी तिथे जाऊन ॲप्ट चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर मारलं, त्यात त्या भोकाचा नंबर आणि तो बुजवल्याची नोंद सरळ दिसते, त्याचा प्रिंट काढला, सही-शिक्का मारून फाइलला लावला. शिक्का बघून सगळे शांत झाले. ही चेंजलॉगवाली कमांड लक्षात ठेवा, असल्या वेळी तीच वाचवते.

आता तक्रारी. आणि बहुतेक माझ्याच गाढवपणातून आलेल्या आहेत, पण प्रोग्राम अजून जरा दयाळू असता तर बरं झालं असतं असं मला वाटतंच.

पहिली, तो प्रश्न. अपग्रेड चालू असतं, आपण चहा घ्यायला जातो, परत येतो तर स्क्रीन थांबलेली. कुठल्यातरी सेटिंगच्या फाइलचं नाव, आणि खाली इंग्रजीत, ही फाइल तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने बदललेली आहे, पॅकेजवाल्यांनी पण नवीन पाठवलीय, काय करायचं? वाय किंवा आय दाबा तर त्यांची, एन किंवा ओ दाबा तर तुमची, डी दाबा तर फरक दाखवतो, झेड दाबा तर शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा. नुसतं एंटर मारलं तर तुमचीच राहते. आता वीस वर्षं कॉम्प्युटरवर बसून हाताला एकच सवय, काही विचारलं की वाय. डेबियन १० वरून ११ वर जाताना स्क्विडच्या फाइलला मी असाच वाय दाबला. स्क्विड म्हणजे क्लासमधला प्रॉक्सी, सगळ्या मशिनचं इंटरनेट त्यातूनच जातं, पोरांनी गेम उघडू नयेत म्हणून मी दोन वर्षं त्यात ओळीवर ओळ नियम लिहून ठेवले होते, ते सगळे गेले आणि जागेवर कोरी कंपनी फाइल आली, जी स्वतःच्या मशिनशिवाय कुणालाच आत घेत नाही. सकाळी आठच्या बॅचला अकराच्या अकरा मशिनवर ‘ॲक्सेस डिनाइड’. मी काय केलं, तर ब्रॉडबँडवाल्याला फोन करून वाट्टेल ते बोललो. तो पोरगा बिचारा अर्ध्या तासात आला, स्वतःचा लॅपटॉप वायरला लावला, इंटरनेट धाडधाड चालू. मला म्हणाला, ‘दादा, लाइन ओके आहे, तुमच्यातच काहीतरी आहे.’ त्याला चहा पाजला, दुसरं काय करणार.

दुपारी भाच्याने फोनवर सांगितलं की जुनी फाइल टाकून देत नाही तो, शेजारीच डीपीकेजी-ओल्ड अशी शेपटी लावून ठेवतो. बघितलं तर खरंच होती, माझे सगळे नियम जसेच्या तसे. एक कॉपी, एक रिस्टार्ट, संपलं. म्हणजे यंत्रणा सज्जन आहे, पण हे ती स्वतःहून सांगत नाही. आता मी आधी डी दाबतो, फरक वाचतो, कळला नाही तर एन.

दुसरी तक्रार, लाइट. हे परदेशातल्या रिव्ह्यूत कधी वाचायला मिळणार नाही. अपग्रेड अर्ध्यात असताना लाइट गेली की काय होतं? माझ्याकडे हे पाच-सहा वेळा तरी झालंय, यूपीएस फक्त माझ्या टेबलाला आहे. लाइट आल्यावर मशिन बहुतेक वेळा सुरू होतं, पण ॲप्टला काही सांगायला गेलं की रुसून बसतं, म्हणतं डीपीकेजी मध्येच तुटलंय, आधी सुडो डीपीकेजी कॉन्फिगर ए चालवा. खालचा खरा कामगार डीपीकेजी, ॲप्ट हा वरचा मुकादम, हे मला तेव्हा कळलं. आणि इथे मात्र पैकीच्या पैकी मार्क, काय चालवायचं ती कमांड अख्खी एररमध्येच लिहिलेली असते, ती तशीच टाइप केली की उरलेली पॅकेज एकेक करून बसतात. सहापैकी पाच वेळा एवढ्यावर भागलं. एकदा भागलं नाही, ७ नंबरचं मशिन कर्नल बसवताना गेलं होतं, ते मेनूतून जुन्या कर्नलवर सुरू करावं लागलं आणि मग परत तीच कमांड. जुना कर्नल तो लगेच काढून टाकत नाही याचं मोल तेव्हा कळलं.

पण त्याच जुन्या कर्नलांचा उलटा त्रास ३ नंबरवर. तिथे मी कुठलातरी लेख वाचून बूटचं, म्हणजे कर्नल ठेवायचं, वेगळं छोटं पार्टिशन केलं होतं, ते भरलं, आणि नवीन कर्नल बसेना. ऑटोरिमूव्ह नावाची कमांड आहे, ती नको असलेलं झाडून काढते, महिन्यातून एकदा मारत जा. आणि बूटचं वेगळं पार्टिशन करूच नका राव, घरगुती मशिनला काय गरज.

तिसरं, आपोआप अपडेट. अनअटेंडेड-अपग्रेड्स असं लांबलचक नावाचं पॅकेज आहे, मला ते हाताने टाकावं लागलं. रोज ठरलेल्या वेळी, जरा मागेपुढे करून, ते स्वतः यादी आणतं आणि सिक्युरिटीचे अपडेट बसवतं. त्याची सेटिंगची फाइल बघून पहिल्यांदा घाम फुटतो, निम्म्या ओळी दोन तिरक्या रेघांनी बंद केलेल्या, प्रत्येक नावात डबल कोलन, शेवटी सेमीकोलन विसरला की ॲप्ट स्वतःच चालायचं थांबतं. पण खरं सांगायचं तर त्यातलं फार काही बदलावं लागतच नाही.

क्लासला याची गंमत अशी होते की मशिन रात्री बंद. मग सकाळी सुरू केलं की राहिलेलं काम ते लगेच मागच्या मागे करायला घेतं, आणि नेमकं त्याच वेळी मी काहीतरी टाकायला गेलो की लॉक मिळाला नाही, दुसरं कुणीतरी वापरतंय असा मेसेज. नेटवर याच्यावर उपाय म्हणून लॉकची फाइलच उडवून टाका असं सांगणारे शंभर जण भेटतील. अजिबात करू नका. चालू कामाच्या मध्ये हात घालणं आहे ते, मिक्सर फिरत असताना झाकण काढल्यासारखं. पाच मिनिटं थांबा, तेवढंच. नवीन ॲप्ट तर स्वतःच थांबून राहतं आणि सेकंद मोजून दाखवतं. आणि संध्याकाळी बंद करताना कधीकधी मशिन लवकर बंद होत नाही, कारण ते अपडेट पुरं करतंय, पोरांना घाई, सरळ बटण दाबून धरतात. त्यासाठी मी भिंतीवर पाटी लावलीय, ‘मशिन स्वतः बंद होईपर्यंत हात लावू नये’. वाचतं कोण म्हणा.

आपोआपवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा का? मी ठेवतो, पण एक प्रसंग लक्षात आहे. ९ डिसेंबर २०२३, शनिवार. डेबियन १२.३ त्या दिवशी यायचं होतं आणि त्यातल्या ६.१.६४ या कर्नलमध्ये ईएक्सटी४ ची (डिस्कवर फाइल मांडून ठेवायची पद्धत) गडबड निघाली, म्हणजे डिस्कवरचा डेटाच खराब होऊ शकतो अशी. डेबियनवाल्यांनी लगेच जाहीर केलं की आज अपडेट करू नका आणि ज्यांचं आपोआप चालू आहे त्यांनी तर जपूनच. १२.३ तिथेच थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी १० तारखेला सरळ १२.४ काढलं. आमचा क्लास शनिवारी दुपारपासून बंद होता, मशिन बंद, त्यामुळे नशिबाने सुटलो. पतसंस्थेचा सर्व्हर चालू होता पण तिथे कर्नल बसला तरी रिबूट केल्याशिवाय लागू होत नाही, आणि आपोआप रिबूट मी बंदच ठेवलेलं असतं. म्हणजे माझ्या आळसाने वाचवलं. हाच आळस एरवी नडतो, कारण तो सर्व्हर एकदा १९० दिवस रिबूट न करता चालला होता, अपडेट सगळे बसलेले आणि चालतोय मात्र सहा महिन्यांपूर्वीचा कर्नल. नीडरीस्टार्ट नावाचं पॅकेज टाकलं की ते प्रत्येक अपग्रेडनंतर सांगतं, कोणत्या सर्व्हिस अजून जुन्याच फाइलवर चालल्यात. ते टाका.

सिक्युरिटीचं बोलतोय तर हेही सांगायला हवं की ॲप्ट स्वतः पण धुतल्या तांदळाचं नाही. २०१९ च्या जानेवारीत त्याच्यातच भोक निघालं होतं, मध्ये बसलेला माणूस आपलं पॅकेज घुसवू शकेल असं. एरवी ते साध्या एचटीटीपीवरून फाइल आणतं आणि सही तपासतं, त्यामुळे चालतं, पण त्या वेळी ती तपासणीच चुकवता येत होती. लगेच दुरुस्त केलं, ते ठीक.

आता बाहेरच्या सॉफ्टवेअरचं दुखणं. डेबियनच्या यादीबाहेरून काही घेतलंत की तुम्ही आणि तुमचं नशीब. आमच्या एका प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून डेब फाइल म्हणून घेतला होता. ११ वरून १२ वर जाताना फुल-अपग्रेडने (गरज पडली तर जुनी पॅकेज काढूनही करतो तो अपग्रेड) एक यादी दाखवली, ही पॅकेज काढून टाकणार आहे, चाळीसेक नावं होती, सगळी लिब-अमुक लिब-तमुक, मी म्हटलं असतील जुन्या लायब्ऱ्या, वाय. त्याच गर्दीत तो ड्रायव्हर होता. त्याला जी जुनी लायब्ररी लागायची ती नवीन डेबियनमध्ये नव्हती म्हणून ॲप्टने दोघांनाही निरोप दिला, आणि तसं आधी स्पष्ट लिहिलं होतं. हे मला कळलं सोमवारी सकाळी, टायपिंगच्या परीक्षेची हॉलतिकिटं काढायला बारा पोरं आणि दोन पालक दारात उभे असताना. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन गेलो, पानाला पाच रुपये, आणि तो वर विचारतो, काय सर, तुमच्याकडे आज बंद का.

डेबियन १३ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ट्रिक्सीमध्ये, ॲप्ट ३ आहे आणि त्यात ही यादी आता रकान्यात, रंगात येते, नवीन बसणारी हिरवी, काढणारी लाल. वीस वर्षं आधी यायला पाहिजे होतं हे, पण आलं. अजून एक गोष्ट मात्र हवी होती, मागे जायचं बटण. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या डीएनएफमध्ये (तिथलं ॲप्ट) झालेला व्यवहार उलटवता येतो, १३ मधल्या ॲप्टला ते येत नाही. काय काय झालं ते एका लॉगमध्ये तारीखवार लिहून ठेवतं, पण ते वाचून हाताने एकेक परत टाकत बसायचं.

व्हर्जन बदलणं, म्हणजे १२ वरून १३, हे एरवी वाटतं तितकं भयंकर नाही. आधी असलेलं सगळं पूर्ण अपग्रेड करा, सोर्सेसच्या फाइलमध्ये (पॅकेज कुठून आणायची ते तिथे असतं) बुकवर्म, म्हणजे १२ चं नाव, असेल तिथे ट्रिक्सी लिहा (ही नावं एका कार्टून सिनेमातल्या खेळण्यांची आहेत, आमच्या पोरांना फार आवडतं हे), अपडेट, मग नवीन पॅकेज न घेता साधं अपग्रेड, मग फुल-अपग्रेड. रिलीज नोट्स वाचा, कंटाळवाण्या आहेत पण तुमचा प्रॉब्लेम तिथे आधीच लिहिलेला असतो. माझ्या मशिनना प्रत्येकी तास-सव्वा तास लागला, डाउनलोड डब्यातून होतं म्हणून. फक्त ॲटमवाला एक जुना नेटबुक आहे, ३२ बिटचा, त्याला १३ चा कर्नलच नाही, तो १२ वरच राहणार. काउंटरवर ठेवलाय, फीच्या पावत्या काढायला.

मराठीचं काय, असं कुणीतरी विचारेलच. मशिनची भाषा मराठी केली तर ॲप्टही बरंचसं मराठीत बोलतं, कुणीतरी बसून ते सगळं भाषांतर केलंय, त्यांना नमस्कार. पण साध्या काळ्या कन्सोलवर देवनागरी दिसत नाही, नुसते चौकोन, आणि एरर मराठीत आला की नेटवर शोधायचा काय? म्हणून मी इंग्रजीच ठेवतो. पोरांना मात्र एक कमांड शिकवतो, ॲप्ट मू. मारली की अक्षरांनी काढलेली एक गाय येते आणि विचारते आज हंबरलात का. सुट्टीच्या बॅचमधल्या एका मुलीने हे शोधलं होतं, पुढचा अर्धा तास अकरा मशिनवर गाई. टर्मिनलची भीती घालवायला याच्यापेक्षा भारी काही नाही.

५ पैकी ४ स्टार. अर्धा कापला मागे जाता येत नाही म्हणून आणि अर्धा त्या वाय-एनच्या प्रश्नासाठी. साध्या घरगुती वापरालाही जवळपास सगळं वरचं लागू, आणि उबंटू किंवा रास्पबेरी पाय असेल तर तिथेही हेच ॲप्ट आहे. भाच्याचं म्हणणं मी चार पण जास्तच दिलेत, त्याने त्याच्या आर्चचा रिव्ह्यू स्वतः लिहावा.

बाकी कुणाला ॲप्ट-कॅशरची ती ओळ हवी असेल तर विचारा, सांगतो. आत्ता ५ नंबरवर १३ चं फुल-अपग्रेड लावलंय, एवढंच राहिलं होतं, आणि स्क्रीनवर काढून टाकायच्या पॅकेजची यादी येऊन थांबलीय, जुनं ॲप्ट आहे त्यामुळे सगळं पांढऱ्या अक्षरात, सदतीस नावं. पेन घेऊन बसलोय, एकेक वाचतोय, अकराव्यावर आहे.